मायनस नंबर आणि रात्री घालायची लेन्स: अकरा वर्षांच्या मुलीला द्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. तिसरीत चष्मा लागला तेव्हा नंबर पाऊण होता, आता दोन्ही डोळ्यांना मायनस सव्वातीन. आई-वडील दोघांनाही चष्मा. कुणीतरी सांगितलं की रात्री लेन्स घालून झोपायचं, सकाळी काढायची. दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं आणि नंबर वाढायचाही थांबतो. हे कितपत खरं, धोका किती, आणि नंबर कायमचा जातो का? शिवाय एक पुरवणी: मामेभाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय, त्याला मेडिकलपुरती ही लेन्स चालेल का?

आधी थेट उत्तरं देतो. दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं, हे खरं. नंबर वाढण्याचा वेग कमी होतो, हेही बऱ्याच मुलांच्या बाबतीत खरं. तो थांबतोच असं मात्र नाही. नंबर कायमचा जातो, हे साफ खोटं. तसं सांगून लेन्स विकणाऱ्याच्या दुकानाची पायरी चढू नका. आणि धोका आहे, पण तो लेन्सपेक्षा घरातल्या बेसिनपाशी जास्त आहे. कॉन्टॅक्ट लेन्स बसवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. या लेन्सबद्दल पालकांशी माझं निम्मं बोलणं नंबरावर होतच नाही, पाण्यावर होतं. इथेही तसंच होणार आहे.

या पद्धतीला ऑर्थोकेराटॉलॉजी म्हणतात, आम्ही नुसतं ऑर्थो-के म्हणतो. लेन्स नेहमीच्या मऊ लेन्ससारखी नसते. कडक असते, प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या प्लास्टिकची, साधारण साडेदहा-अकरा मिलिमीटर व्यासाची. मायनस नंबरात प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत पोहोचायच्या आधीच एकत्र येतो. ही लेन्स कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक भागाचा, मधला तुकडा रात्रभरात किंचित सपाट करते. सकाळी लेन्स काढली तरी तो आकार काही तास टिकतो, म्हणून दिसतं. लेन्स बंद केली की आकार परत येऊ लागतो. एक रात्र चुकली तरी दुसऱ्या दिवशी फळा धूसर दिसतो. पूर्ण बंद केली तर साधारण दोन-चार आठवड्यांत नंबर मूळ जागी येतो.

लेन्स डोळा दाबून चपटा करते, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. नीट बसलेली लेन्स मधोमध कॉर्नियाला टेकतच नाही, मध्ये अश्रूंचा ५ ते १० मायक्रॉनचा थर राहतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लेन्सची आतली बाजू मध्ये सपाट, तिच्याभोवती एकदम खोल जाणारं कडं, त्यापुढे डोळ्याच्या गोलाईशी जुळणारा पट्टा आणि शेवटी जराशी उचललेली कड. मधल्या पातळ थरात अश्रूंचा दाब पडतो, खोल कड्यात ओढ लागते. त्यामुळे कॉर्नियाची सगळ्यात बाहेरची त्वचा मध्ये पातळ होते आणि कड्याखाली जाड. सगळा खेळ या बाहेरच्या थरातच होतो. तो जेमतेम ५० मायक्रॉनचा असतो. डोक्यावरचा केस सहसा यापेक्षा जाड निघतो. त्याखालचा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा कॉर्निया जवळजवळ होता तसाच राहतो.

कुठल्या नंबराला ही लेन्स द्यायची हेही यावरूनच ठरतं. लेसर शस्त्रक्रियेत वापरतात तोच हिशेब इथे लागू पडतो: सपाट करायच्या भागाच्या व्यासाचा वर्ग गुणिले नंबर भागिले तीन, व्यास मिलिमीटरमध्ये धरला की उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. मायनस ३ नंबर, ४ मिलिमीटरचा भाग: १६ गुणिले ३ भागिले ३, म्हणजे १६ मायक्रॉन. जमण्यासारखं आहे. मायनस ६ असेल तर त्याच भागाला ३२ मायक्रॉन लागतील, आणि बाहेरच्या थरातून साधारण २० मायक्रॉनच्या पुढे काही मिळत नाही. मग व्यास कमी करावा लागतो. दिवसा उजेडात बाहुली लहान असते तोवर चालून जातं. रात्री बाहुली मोठी झाली की समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसू लागतात. अमेरिकेत २००२ साली रात्री घालायच्या अशा लेन्सला पहिली मंजुरी मिळाली ती मायनस ६ पर्यंतची. माझा हात मात्र ४ च्या पुढे आखडतो, आणि पाचाच्या पुढे कुणी आग्रह केला तर मी आधी रात्री गाडी चालवता का हे विचारतो. तुमच्या मुलीचा सव्वातीन या मर्यादेत बसतो. सिलिंड्रिकल नंबर प्रश्नात दिलेला नाही. तो दीडच्या आत असेल तर साधी रचना सहसा पुरते, जास्त असेल तर टोरिक, म्हणजे दोन दिशांना वेगवेगळी गोलाई असलेली, बनवावी लागते.

कल्पना तशी जुनी आहे. १९६० च्या दशकात शिकागोचे जॉर्ज जेसन मुद्दाम सपाट बसवलेल्या कडक लेन्सने हेच करू पाहत होते. पण त्या काळच्या प्लास्टिकमधून प्राणवायू जात नसे, लेन्स दिवसा घालावी लागे, आणि ती डोळ्यावर कुठे सरकेल याचा नेम नसे. १९८९ च्या सुमारास ते खोल कडं असलेली रचना आली आणि लेन्स मधोमध टिकू लागली.

बसवताना काय होतं तेही सांगतो, म्हणजे तुमच्याकडे ते होतंय की नाही हे तुम्हाला ताडता येईल. आधी टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या गोलाईचा नकाशा. समजा मुलीच्या कॉर्नियाचा सपाट अक्ष ४३.५० डायॉप्टर आला (चष्म्याचा नंबरही याच एककात असतो). त्यातून नंबराचे ३.२५ वजा करायचे आणि वर आणखी ०.७५, म्हणजे लेन्सचा मधला भाग ३९.५० चा. हे जादा पाऊण कशाला? संध्याकाळपर्यंत असर थोडा उतरतो, त्याची भर आधीच घालून ठेवायची. म्हणून सकाळी मूल जरासं प्लसमध्ये असतं, आणि तेच बरोबर आहे.

लेन्स घातल्यावर डोळ्यात फ्लुरोसिनचा रंग टाकून निळ्या उजेडात बघतात. मधे गडद गोल, भोवती झळझळीत हिरवं कडं, त्याबाहेर परत गडद पट्टा आणि कडेला बारीक हिरवी रेघ, असं दिसायला हवं. मधला गोल काळा दिसतो म्हणून लेन्स तिथे टेकली आहे असं समजू नका. २० मायक्रॉनपेक्षा पातळ थरात या रंगाची चमक आपल्याला दिसतच नाही. पहिल्या रात्रीनंतरच्या सकाळी मी मुलांना लेन्स डोळ्यातच ठेवून बोलावतो, कारण ती रात्रभर कुठे बसली होती ते तेव्हाच कळतं. काढल्यावर परत टोपोग्राफी. नकाशात बरोबर मधोमध गोल उमटला तर ठीक. लेन्स वर सरकून बसली असेल तर नकाशात हसऱ्या तोंडासारखी कोर दिसते, आणि मुलाला एकाची दोन अक्षरं दिसतात. अशी लेन्स ‘सवय होईल’ म्हणत चालवायची नसते, बदलायची असते. ज्या ठिकाणी टोपोग्राफीचं यंत्रच नाही तिथे ऑर्थो-के करून घेऊ नका, कितीही स्वस्त पडत असलं तरी.

बराचसा फरक पहिल्या दोन-तीन रात्रींत दिसतो, पूर्ण बसायला आठवडा-दहा दिवस लागतात. मधल्या दिवसांत ना जुना चष्मा जुळतो ना चष्म्याशिवाय दिसतं. त्यासाठी कमी नंबराच्या रोज फेकायच्या मऊ लेन्स किंवा एखादा स्वस्तातला चष्मा देतात. म्हणून दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत सुरुवात करा, सहामाहीच्या तोंडावर नको. झोप रोज सात-आठ तास हवी. मुलगी अकराला झोपून पाचला क्लासला उठत असेल तर संध्याकाळी धूसर दिसतंय अशी तक्रार येणारच.

आता नंबर वाढण्याबद्दल. मायनस नंबर वाढतो तो बहुतांशी डोळा मागच्या बाजूला लांब होत गेल्यामुळे; ढोबळमानाने एक मिलिमीटर लांबी म्हणजे अडीच ते तीन नंबर. हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठात ६ ते १० वर्षांच्या मुलांवर झालेला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत सगळ्यात जास्त सांगितला जातो. चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट केले होते. दोन वर्षांत चष्मेवाल्या मुलांचे डोळे सरासरी ०.६३ मिलिमीटर वाढले, ऑर्थो-केवाल्यांचे ०.३६. म्हणजे वेग ४३ टक्क्यांनी कमी. मधला भाग सपाट आणि भोवतीचा उंच झाल्यामुळे पडद्याच्या कडेवरची प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते आणि डोळ्याला लांब व्हायचा इशारा कमी मिळतो, असा प्रमुख तर्क आहे. सरासरी ही सरासरीच. काही मुलांना खूप फायदा होतो, काहींना नावापुरता.

इथे एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही, आणि काही ठिकाणी त्यांना कुणी सांगतही नाही. लेन्स चालू असताना नंबर तपासून काहीच कळत नाही. तो शून्याच्या आसपासच येणार, त्यासाठीच तर लेन्स आहे. ‘वर्षभरात नंबर वाढला नाही’ हे वाक्य ऑर्थो-केच्या बाबतीत निरर्थक आहे. डोळ्याची लांबी यंत्राने मोजायला हवी, सुरू करण्याआधी आणि नंतर दर सहा महिन्यांनी. आणि लांब झालेला डोळा लेन्सने परत आखूड होत नाही, त्यामुळे पडद्याची तपासणी चष्मा गेला तरी चालूच ठेवायची. मधेच बंद करण्याचाही विचार आधी करा: चौदा वर्षांच्या आत सोडली तर डोळ्याची वाढ पुन्हा वेग घेते, असं हाँगकाँगच्याच पुढच्या कामात दिसलं. म्हणजे तुम्ही किमान तीन-चार वर्षांच्या कामाला हात घालताय. या लेन्स साधारण वर्ष-दोन वर्षांनी बदलाव्या लागतात, तेव्हा खर्च विचारताना पहिल्या जोडीचा विचारू नका. बदलीची जोडी, द्रावणं, तपासण्या आणि टोपोग्राफी धरून तीन वर्षांचा विचारा.

आता पाणी. झोपेत पापणीखाली कॉर्नियाला प्राणवायू आधीच कमी मिळतो, त्यात वरून लेन्स. अशा वेळी जंतू आत शिरला तर कॉर्नियात जखम होते, पू होतो, आणि बरी झाली तरी डोळ्यात फूल पडतं. ते बाहुलीसमोर पडलं तर दृष्टी कायमची गेली म्हणून समजा. २००१ च्या सुमारास पूर्व आशियात, विशेषतः चीनमध्ये, अशा संसर्गांची लाटच आली होती. मोठ्या प्रमाणावर मुलांमध्ये. जगभर नोंदवलेल्या पहिल्या ५० रुग्णांचा आढावा २००५ साली आला, त्यात निम्म्याच्या आसपास संसर्ग स्यूडोमोनास या जिवाणूचे होते आणि सुमारे ३० टक्के अकॅन्थअमिबाचे. हा अमिबा नळाच्या पाण्यात सापडतो. कवच धरून बसला की क्लोरिनला दाद देत नाही, आणि त्याचा उपचार महिनोन्‌महिने चालतो. पुढे अमेरिकेतल्या एका पाहणीत मुलांमध्ये दहा हजारांमागे वर्षाला साधारण १४ असा दर निघाला. त्या पाहणीत प्रत्यक्ष संसर्ग झालेले दोघेच होते, म्हणून आकडा ढोबळ धरा. मऊ लेन्स घालून झोपणाऱ्यांत तो २० ते २५ असतो, आणि चष्म्यात लेन्समुळे येणारा हा धोका नसतोच.

आपल्याकडचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, कधी बोअरचं असतं, कधी टँकरचं. टाकी शेवटची कधी धुतली हे सोसायटीतही कुणाला आठवत नाही. म्हणून नियम एकच: लेन्स, डबी आणि लेन्स काढायची रबरी दांडी, यांतल्या कशालाही पाणी लागता कामा नये. आरओचं नाही, बाटलीचं नाही, उकळून गार केलेलंही नाही. हात साबणाने धुवायचे आणि खडखडीत कोरडे करायचे. कोरडे करणं हे मुलं हमखास विसरतात, आणि ओल्या बोटावरून नळाचं पाणी थेट लेन्सवर जातं. लेन्स चोळायची ती क्लीनरने, धुवायची ती निर्जंतुक सलाइनने. डबीत कालचं द्रावण ठेवून वर नवीन ओतायचं नाही. डबी दर महिन्याला नवीन. पेरॉक्साइडचं द्रावण वापरत असाल तर त्याच्याच डबीत पूर्ण सहा तास झाल्याशिवाय लेन्स डोळ्याच्या जवळ नेऊ नका, नाहीतर डोळा चांगलाच पोळतो. बेसिनवर उभं राहून लेन्स हाताळूच नका. टेबलावर स्वच्छ रुमाल अंथरून बसा. पडलेली लेन्स मोरीच्या जाळीतून काढून, नळाखाली धरून परत घातल्याची उदाहरणं मला पालकांनी स्वतः सांगितली आहेत, तेही वर ‘तिला काही झालं नाही’ असं म्हणत.

सकाळची वेळ तितकीच महत्त्वाची. रात्रभरात लेन्स कॉर्नियाला चिकटून बसते, बऱ्याच मुलांत. उठल्या उठल्या रबरी दांडी लावून ओढली तर बाहेरची त्वचा खरचटते, आणि जंतूला तेवढं पुरतं. आधी हात धुवा. दोन्ही डोळ्यांत वंगणाचे थेंब टाका, पाच मिनिटं डोळ्यांची उघडझाप करू द्या. मग मुलीला वर बघायला सांगून खालच्या पापणीच्या कडेने लेन्सच्या खालच्या काठाजवळ हलकेच दाबा. नंतर खाली बघायला सांगून वरच्या पापणीने तसंच. आरशात लेन्स बुबुळावर सरकताना दिसली, तरच काढा. सरकली नाही तर आणखी थेंब, आणखी पाच मिनिटं. शाळेची बस चुकली तरी चालेल. दांडी लावायचीच असेल तर ती लेन्सच्या मध्यावर न लावता कडेजवळ लावा.

डोळा लाल, दुखरा, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका: यांतलं एकही दिसलं तर त्या रात्री लेन्स नाही आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. लेन्स डबीसकट सोबत न्या, तपासणीला लागते. मेडिकलमधून विचारून आणलेले थेंब टाकू नका. त्यांत स्टिरॉइड असलं तर लाली उतरते आणि जखम आतून वाढते. सर्दी-ताप असेल तेव्हा सुट्टी. साथीत डोळे आले तर, २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर आले तसे, डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत लेन्स कपाटात. म्हणून जुना चष्मा फेकू नका. गणपतीला गावी जाताना, रात्रीच्या प्रवासात, सहलीच्या तंबूत तोच कामाला येतो.

कुणाला मी सरळ नाही म्हणतो? उन्हाळा आला की डोळे चोळचोळ चोळणाऱ्या मुलांना. ॲलर्जीने डोळ्यात चिकट धागे येत असताना रात्रभर लेन्स ठेवणं धोक्याचं, आणि चोळण्याने कॉर्निया पातळ होऊन पुढे येण्याचा, केराटोकोनसचा, संशय आधी दूर करावा लागतो. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तीस वर्षांवरच्या लोकांची मोठी नेत्रपाहणी झाली, तिच्यात २.३ टक्के लोकांचा कॉर्निया केराटोकोनसच्या निकषात बसण्याइतका उंच निघाला. निकष ढोबळ होता, तरी आपल्या भागात टोपोग्राफी टाळून चालणार नाही इतकं त्यातून नक्की कळतं. ऑर्थो-केखाली असा कॉर्निया लपूनही राहू शकतो.

तुमच्या मुलीचं वय, नंबर आणि वाढीचा वेग पाहता ती या लेन्ससाठी योग्य वाटते. तरी लेन्स घ्या असं मी सांगणार नाही, जोवर पुढची तीन वर्षं रोज रात्री आणि रोज सकाळी तुमच्यापैकी एक जण तिच्याशेजारी बसेल हे घरात ठरत नाही. अकरा वर्षांची मुलगी लेन्स छान घालते, मोठ्यांपेक्षा लवकर शिकते. कंटाळा येतो तो चौथ्या-पाचव्या महिन्यात. दोघंही नोकरीला, सकाळी साडेसहाला घराबाहेर, अशी गत असेल तर नंबर रोखण्यासाठी बनवलेल्या चष्म्याच्या काचा आणि कमी ताकदीचे ॲट्रोपिनचे थेंब यांचा विचार आधी करा. वेग त्यांनीही कमी होतो, आणि झोपेत लेन्स ठेवण्यातला संसर्गाचा धोका त्यात नाही. चष्मा मात्र नाकावर राहतो. पोहणारी, कबड्डी-खोखो खेळणारी मुलगी असेल तर तिला काय हवंय ते तिलाच विचारा. आणि काहीही निवडलंत तरी रोज दोन तास उघड्यावर खेळणं हवंच.

मामेभावाचं. लेन्सने त्याला परीक्षेच्या दिवशी तक्ता वाचता येईल, पण त्याचा नंबर गेलेला नसेल. जाहिरातीत दृष्टीची अट चष्म्याविना आहे की चष्म्यासह, आणि शस्त्रक्रिया किंवा लेन्सबद्दल काय जाहीर करायला सांगितलंय, हे त्याने शब्दन्‌शब्द वाचावं. लपवायला जाऊ नये. टोपोग्राफीच्या नकाशात तो गोल कुणालाही दिसतो आणि खोटं निवेदन नोकरी लागल्यावरही अंगाशी येतं. शिवाय प्रशिक्षणात, बंदोबस्तात दोन-दोन रात्री झोप मिळत नाही, तेव्हा त्याला समोरचं धड दिसणार नाही. वय भरलेलं आणि नंबर स्थिर असेल तर त्याने अटी पाहून लेसरसाठी तपासणी करून घेणं बरं. ऑर्थो-के आधीच सुरू केली असेल तर कॉर्निया मूळ आकारावर आल्याचं लागोपाठ नकाशांत दिसेपर्यंत लेसर करता येत नाही, हे त्याला आत्ताच सांगा.

मुलीला तपासणीला नेताना तिसरीपासूनचे नंबराचे सगळे कागद घेऊन जा, आणि बाहुली मोठी करणारे थेंब टाकून नंबर काढून घ्या.